उष्णतेची बेरीज: खान्देशात मका, कपाशी आणि केळीचा अंदाज कसा बांधावा

प्रश्न (चोपडा तालुका): रब्बी मका १५ नोव्हेंबरला पेरला. विक्रेत्याने वाणाचा कालावधी १०० दिवस सांगितला होता, कापणीला १३५ दिवस लागले. नंतर १ फेब्रुवारीच्या उन्हाळी मक्यासाठी मोबाइलवर ‘ग्रोइंग डिग्री डे’ मोजून पाहिले, तर पीक मे महिन्याच्या सुरुवातीला तयार होईल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात आले. ही पद्धत आपल्याकडे चालते का? कपाशी आणि केळीला वापरता येईल का?

उत्तर:

चालते. पण आपल्याकडे हिशेब बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. पुस्तकातले सूत्र जसेच्या तसे उचलले जाते आणि दुपारचे ४२ अंश पिकाच्या कामी आले असे धरले जाते. ते येत नाहीत. तुमच्या उन्हाळी मक्याचे दोन-अडीच आठवडे तिथेच गेले.

वनस्पतीची वाढ दिवसांपेक्षा मिळालेल्या उष्णतेवर जास्त चालते, हे फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने १७३५ मध्येच मांडले होते. ‘ग्रोइंग डिग्री डे’चा हिशेब साधा आहे. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोनने भागा, त्यातून पिकाचे पायाभूत तापमान वजा करा. उरेल ती त्या दिवसाची उष्णता एकके. पायाभूत म्हणजे ज्याच्या खाली त्या पिकाची वाढ जवळजवळ थांबते ते तापमान. मक्यासाठी ते १० अंश धरतात. पेरणीपासून रोजची एकके मिळवत जायचे आणि ठरावीक बेरीज झाली की ठरावीक अवस्था आली असे समजायचे.

मक्याच्या सूत्राला दोन कुंपणे घालावी लागतात. कमाल ३० च्या वर गेले तर ३० च धरायचे. किमान १० च्या खाली गेले तर १० धरायचे. मे महिन्यात एखाद्या रात्री किमानही ३० च्या वर राहते, तेव्हा तेही ३० च धरायचे. उदाहरण घ्या. जानेवारीतला एक दिवस, कमाल २८.६, किमान ८.४. किमान १० धरले, बेरीज ३८.६, निम्मे १९.३, वजा १०, म्हणजे ९.३ एकके. एप्रिलमधला एक दिवस, कमाल ४२.५, किमान २५. कमाल ३० धरले, बेरीज ५५, निम्मे २७.५, वजा १०, म्हणजे १७.५. कुंपण न घालता हाच दिवस २३.७५ एककांचा होतो. रोजचा सव्वासहाचा फुगवटा.

आता तुमचे दोन्ही हंगाम मांडून पाहू. समजा तुमच्या वाणाला पेरणीपासून दाणा पक्व होईपर्यंत १६५० एकके लागतात. जळगावकडची महिनावार सरासरी ढोबळमानाने अशी धरू: नोव्हेंबर कमाल ३२, किमान १६, डिसेंबर ३० आणि १२.५, जानेवारी ३० आणि १२, फेब्रुवारी ३३ आणि १४, मार्च ३७.५ आणि १९, एप्रिल ४१ आणि २४, मे ४२.५ आणि २७. कुंपण घालून रोजची एकके नोव्हेंबरात १३, डिसेंबरात सव्वाअकरा, जानेवारीत ११, फेब्रुवारीत १२, मार्चमध्ये साडेचौदा, एप्रिलमध्ये १७ आणि मे महिन्यात साडेअठरा पडतात.

१५ नोव्हेंबरच्या मक्याची बेरीज नोव्हेंबरअखेर १९५, डिसेंबरअखेर ५४४, जानेवारीअखेर ८८५, फेब्रुवारीअखेर १२२१ होते. १६५० चा आकडा येतो ३० मार्चला. म्हणजे बरोबर १३५ दिवस. तोच वाण २० जूनला पेरला तर पावसाळ्यात रोज साधारण १७ एकके मिळतात आणि २५ सप्टेंबरच्या आसपास, ९७ दिवसांत, १६५० पूर्ण होतात. विक्रेत्याने सांगितलेले १०० दिवस खरिपाचे होते, तेव्हा त्याचीही चूक म्हणता येत नाही.

उन्हाळी मक्याचे गणित कुंपणाशिवाय केले तर १ फेब्रुवारीपासून एप्रिलअखेर १६१९ एकके जमतात आणि २ मेला पीक तयार दिसते. कुंपण घातले की एप्रिलअखेर १२९५ च होतात आणि १६५० ला १९ मे उजाडतो. तुमच्या ॲपमध्ये ‘कमाल मर्यादा’ अशी सोय असेल तर ती तपासा. बऱ्याच ॲपमध्ये ती सुरुवातीला बंद असते किंवा नसतेच. एक्सेलमध्ये स्वतः करायचे तर कमाल आणि ३० यांतला लहान आकडा, किमान आणि १० यांतला मोठा आकडा, दोघांची सरासरी, वजा १०. चार रकाने पुरतात.

थंडीत किमान १० च्या खाली गेल्यावर काय करायचे, यावर दोन पद्धती आहेत. एकीत किमान आधी १० ला उचलतात आणि मग सरासरी काढतात, वर केले तसे. दुसरीत सरळ सरासरी काढून १० वजा करतात आणि उत्तर उणे आले तरच शून्य धरतात. कमाल २९, किमान ७ अशा दिवसाला पहिली पद्धत साडेनऊ एकके देते, दुसरी ८. कडाक्याच्या थंडीच्या महिन्यात ४५ एककांचा, म्हणजे चार दिवसांचा फरक पडतो. कोणतीही वापरा, पण ज्या पद्धतीने वाणाचा आकडा काढला त्याच पद्धतीने पुढे मोजा. मिसळ केली की हिशेब गेला.

मक्यात या बेरजेचा खरा फायदा कापणीपेक्षा खताच्या हप्त्याला होतो. कोंब वर यायला साधारण ६५ एकके लागतात. त्यानंतर पहिली दहा पाने होईपर्यंत दर पानाला ४५ च्या आसपास. पान मोजताना ज्या पानाची कॉलर, म्हणजे पाते आणि देठाची खोळ जिथे जुळते तिथला फिकट पट्टा, पूर्ण उघडी दिसते तेच धरायचे. पोंग्यात गुंडाळलेले सोडायचे. आठ पानांना सुमारे ४३० एकके होतात. २० जूनच्या मक्याला ती १५ जुलैला मिळतात, २५ व्या दिवशी. १५ नोव्हेंबरच्या मक्याला २१ डिसेंबरला, ३६ व्या दिवशी. ‘तिसाव्या दिवशी युरियाचा दुसरा हप्ता’ हा नियम खरिपात पाच दिवस उशिरा आणि रब्बीत सहा दिवस लवकर पडतो. रब्बीत लवकर टाकलेला युरिया थंड जमिनीत पडून राहतो, त्यात भरपूर पाणी दिले तर मुळांखाली उतरतो. पानांवर जा, दिवसांवर नको.

स्त्रीकेसर बाहेर यायला या वाणाला ८५० एकके लागतात असे धरले, तर खरिपात ती वेळ पन्नाशीच्या आसपास येते आणि तुमच्या रब्बी पेरणीत २८ जानेवारीला. पाण्याचा ताण सर्वांत महाग पडतो तो याच दिवसांत. कालव्याचे आवर्तन कधी मागायचे ते तीन आठवडे आधी कळते, हे काही कमी नाही. पेरणी ५ डिसेंबरपर्यंत लांबली तर केसर १७ फेब्रुवारीच्या सुमारास येतात आणि दाणा भरायचा काळ मार्चच्या तापत्या दुपारी आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सापडतो. बेरीज तिथेही १६५० पूर्ण होईल, पण दाणा हलका राहील. बेरीज अवस्था सांगते, उतारा सांगत नाही.

आणखी एक. ही बेरीज दाण्याच्या टोकाशी काळा थर दिसेपर्यंतच लागू आहे. कणसाच्या मधल्या भागातला दाणा काढून त्याचे टोक नखाने खरवडले की तो दिसतो. त्या वेळी दाण्यात ३० ते ३५ टक्के ओल असते. तिथून १४ टक्क्यांपर्यंत वाळणे हे वारा, ऊन आणि हवेतल्या दमटपणाचे काम. त्याला एकके लावू नका.

तापमान कुठले घ्यायचे, हा प्रश्न सूत्राइतकाच मोठा आहे. मोबाइलच्या हवामान ॲपमधला आकडा बहुतेक वेळा कोणत्याही तापमापकावर वाचलेला नसतो. तो मोठ्या चौकोनासाठी गणिताने काढलेला असतो. सातपुड्याच्या पायथ्याचे गाव आणि तापीकाठचे गाव त्याच चौकोनात येते, आणि हिवाळ्याच्या पहाटे दोघांत काही अंशांचा फरक असू शकतो. त्यापेक्षा तुमच्या महसूल मंडळातल्या, राज्याच्या महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्राची नोंद बरी. तेही शेतापासून लांब किंवा वेगळ्या उंचीवर असेल तर स्वतःचा कमाल-किमान तापमापक लावा. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत, दार उत्तरेकडे. मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली लावलेला तापमापक शेताचे तापमान दाखवत नाही, पत्र्याचे दाखवतो. किमान रोज २ अंश जास्त नोंदले गेले तर रोज एक एकक जास्त धरले जाते. १३५ दिवसांत १३५ एकके, म्हणजे मार्चच्या वेगाने नऊ दिवसांची चूक.

नोंदीच्या तारखेतही घोळ होतो. सकाळी साडेआठला वाचले तर किमान आजचे असते आणि कमाल कालच्या दुपारचे. वहीत कमाल एक ओळ वर लिहा. महिन्याच्या बेरजेत याने फारसा फरक पडत नाही, पण पावसाची झड लागून एकदम उघडली की त्या आठवड्याचे आकडे विचित्र दिसतात आणि मग माणूस तापमापकावर संशय घेतो.

धडगाव, तोरणमाळच्या बाजूला जळगावचे आकडे वापरायचे नाहीत. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. सपाटीवर रोज १२ एकके मिळत असतील त्या काळात वर सहा-सातच मिळतात, आणि रब्बी मका रखडतो.

आता कपाशी. इथे परदेशी आकड्यांवर अजिबात विसंबू नका. अमेरिकेत कपाशीचे पायाभूत तापमान १५.५ अंश धरतात, बहुतेक राज्यांत वरचे कुंपण न घालता, आणि पहिल्या फुलाला ४३० ते ४७० एकके सांगतात. आपल्याकडची १ जूनची बागायती कपाशी घ्या. जूनमध्ये कमाल ३८, किमान २६ धरले तर रोज साडेसोळा एकके होतात आणि २८ जूनच्या आसपास फूल दिसायला हवे! इथे तेव्हा झाडाला धड पातेही (फुलाची कळीही) लागलेले नसते. आपले संकरित वाण वेगळे, दिवसाची लांबी वेगळी आणि जूनची उष्णता कपाशीलाही सगळी वापरता येत नाही. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी भागात म्हणूनच वेगळी पद्धत आहे. तिथे खालची मर्यादा १२.८ आणि वरची ३० अंश. उन्हाच्या बाबतीत आपले नाते अ‍ॅरिझोनाशी जास्त जवळचे.

म्हणून कपाशीचा आकडा स्वतःच काढा. तळ (पायाभूत तापमान) १५.५, कुंपण ३०, असे एकदा ठरवा आणि बदलू नका. शेतात दोन ठिकाणी, बांधापासून आत, दहा-दहा झाडांना खूण करा. निम्म्या झाडांना पहिले पाते, पहिले फूल, पहिले फुटलेले बोंड ज्या दिवशी दिसले त्या तारखा लिहा. समजा १ जूनच्या लागवडीत फूल २५ जुलैला आले. जूनचे रोज साडेबारा आणि जुलैचे पावणेबारा धरून २५ जुलैपर्यंत सुमारे ६७० एकके होतात. हा तुमच्या वाणाचा, तुमच्या शेताचा आकडा. तो पक्का करायला तीन वर्षे थांबण्यापेक्षा एकाच वर्षी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन लहान लागवडी करा. तिन्हींत दिवस वेगळे आणि एकके जवळपास सारखी आली तर आकडा खरा. एककेही पांगली तर आधी तळ एक-दोन अंशांनी वर-खाली करून पाहा. ज्या तळाला पांगापांग सर्वांत कमी, तो तळ घ्या.

मोजणी कधी सुरू करायची? ओलीत पेरले तर पेरणीपासून. धूळपेरणी असेल तर ज्या पावसाने बी भिजले त्या दिवसापासून. कोरड्या मातीतल्या बियाण्याला ४० अंशांचे काही देणेघेणे नसते. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ओढ दिली किंवा काळ्या जमिनीत पाणी साचून वाफसाच आला नाही, तर कपाशी पाते गाळते. एककांची बेरीज चालूच राहते. अशा वर्षीचा आकडा वहीत लिहा, पण सरासरीत धरू नका.

केळीत ही पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते, आणि खान्देशात तिचाच वापर सर्वांत कमी दिसतो. केळीचा तळ १४ अंश. इथे किमान १४ ला उचलू नका, सरळ सरासरी घ्या. थंड रात्रीचा परिणाम दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो, त्यामुळे उचललेला आकडा केळीला फार उदार ठरतो. कमाल तापमानाला ३० चे कुंपण मात्र ठेवा. जुलैत रोज सव्वातेरा एकके मिळतात, डिसेंबर-जानेवारीत सात. घडाची वाढही जवळपास त्याच प्रमाणात मंदावते.

मार्टिनिक, ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटांवर निसवण (घड बाहेर पडणे) ते काढणी ९०० एकके धरतात. तो हिशेब निर्यातीच्या ठरावीक जाडीच्या फळाचा आहे. आपल्याकडे घड जास्त भरू देतात, म्हणून इथला आकडा मोठा येतो. समजा १ जुलैला निसवलेला घड ९० दिवसांनी, सप्टेंबरअखेर, तुमच्या व्यापाऱ्याला हवा तसा भरला. जुलैची ४११, ऑगस्टची ४०३ आणि सप्टेंबरची साडेतीनशे मिळून सुमारे ११६० एकके होतात. आता १ नोव्हेंबरला निसवलेला घड घ्या. नोव्हेंबर २७०, डिसेंबर २२५, जानेवारी २१७, फेब्रुवारी २२४, मिळून ९३६. उरलेली २२४ एकके मार्चमध्ये रोज साडेदहाने २१ तारखेला पूर्ण होतात. म्हणजे १४० दिवस. तीच बाग, तोच ग्रँड नैन वाण, पन्नास दिवसांचा फरक.

बागेत हे राबवायला दर आठवड्याला एका रंगाची फीत पुरते. त्या आठवड्यात निसवलेल्या प्रत्येक झाडाला ती बांधायची आणि वहीत रंगासमोर झाडांची संख्या व त्या दिवसापर्यंतची बेरीज लिहायची. लाल फितीची बेरीज ११६० कडे आली की लाल फितीचे घड उतरवायचे. व्यापाऱ्याला दोन आठवडे आधी ‘एवढे घड, या आठवड्यात’ असे सांगता येते. कांदेबाग (पावसाळा संपताना लावलेली) आणि मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) शेजारी असतील तर रंगांचा क्रम वेगवेगळा ठेवा. घडांना स्कर्टिंग बॅग (घड झाकायच्या पिशव्या) घातल्या असतील तर आतली हवा थोडी उबदार राहते, तेव्हा बॅगेच्या घडांचा आकडा वेगळा काढा.

थंडीत निसवण पोंग्यात अडकली, घड निम्माच बाहेर आला, तर ते बेरजेत दिसणार नाही. असे घड फीत बांधतानाच वगळा.

पुढचा अंदाज बांधताना आजपर्यंतची बेरीज प्रत्यक्ष नोंदींची घ्या. त्यापुढचे पाच दिवस मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या कृषी हवामान सल्ला पत्रिकेतल्या अंदाजाने भरा. त्यानंतरचे दिवस मागच्या काही वर्षांच्या सरासरीने. दर आठवड्याला सरासरीच्या जागी खरे आकडे टाकत गेलात की तारीख आपोआप नेमकी होत जाते.

मक्यावरच्या लष्करी अळीसाठी हेच गणित १२ अंशांच्या तळाने करा. अंडे ते पतंग साधारण ३९० एकके, त्यातली अंडी उबायला ३५ च्या आसपास. जुलैत रोज १५ एकके मिळतात, म्हणजे पिढी २६ दिवसांत. डिसेंबर-जानेवारीत ९ मिळतात, म्हणजे ४३ दिवस. कामगंध सापळ्यात पतंग वाढल्याच्या दिवसापासून मोजा. खरिपात अंडी दोन-तीन दिवसांत उबतात, रब्बीत चार दिवस मिळतात. पानावर खिडक्या (खरवडलेले पारदर्शक ठिपके) दिसायला लागल्या की अळी अजून लहान असते, फवारणी लागू पडते ती तेव्हाच. पोंग्यात भुसा (अळीची विष्ठा) दिसू लागल्यावर औषध अळीपर्यंत पोचत नाही.

गहू उशिरा पेरला तर तो कमी बेरजेतच उरकतो, मार्चची उष्णता त्याला घाईने पिकवते. वेळेवरच्या पेरणीचा आकडा त्याला लावू नका, उशिराच्या पेरणीसाठी स्वतंत्र आकडा ठेवा. कोरडवाहू हरभरा ओल संपली की पिकतो, एकके कितीही राहिलेली असोत. दादर ज्वारी आणि तूर यांचे फुलणे दिवसाच्या लांबीवर फार अवलंबून असते. त्यांना नुसती उष्णता मोजून तारीख काढता येत नाही. फुलोऱ्यानंतर दाणा भरण्याचा काळ मात्र मोजता येतो, फुलोऱ्याच्या दिवसापासून शून्य धरून.